क्लिनिकमधे सगळे मला डॉक्टर मॅडम म्हणतात, पण मी डॉक्टर नाही

नर्मदेकाठची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहूनच टाकते. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मी इंदूरची, अन्नपूर्णा रोडच्या बाजूला राहते. झूलॉजीत बीएस्सी केलं आणि गेली पाच वर्षं कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात काम करतेय, आधी एका ठिकाणी तीन वर्षं आणि आता दुसरीकडे दोन. माझं पद विचाराल तर पगाराच्या स्लिपवर असिस्टंट आहे, आत्ताचे सर टेक्निशियन म्हणतात, झाडूपोछावाल्या मावशी छोटी डॉक्टर म्हणतात आणि येणारी माणसं सरळ डॉक्टर मॅडम. कामं म्हणाल तर जनावर धरणं, वजन, ताप बघणं, रक्त काढणं, कॅन्युला म्हणजे शिरेतली नळी लावणं, सलाईन चालू करणं, एक्सरेला नीट झोपवणं, ऑपरेशन चालू असताना श्वास नि हिरड्यांचा रंग बघत बसणं, टाके काढणं, हत्यारं ऑटोक्लेव्हमधे वाफेने निर्जंतुक करणं. हे सगळं बघून बघून शिकले, कोणी परीक्षा घेतली नाही की कागद दिला नाही. हात चांगला आहे असं सगळे म्हणतात आणि ते खरंय, पिल्लाची शीर मला पहिल्याच टोचणीत सापडते.

आता जे पोटात आहे ते. आधीच्या ठिकाणचे डॉक्टर दुपारी चार ते सहा दुसरीकडे बसायचे, आणि त्या दोन तासांत लसीला आलेल्यांना मी लस द्यायची असा रिवाजच होता. कार्डांवर त्यांचा शिक्का आणि सही आधीच करून ठेवलेली असायची, मी फक्त तारीख घालायची आणि बाटलीवरचं स्टिकर चिकटवायचं. एप्रिलमधली दुपार होती, एक नवराबायको आणि त्यांची शाळेतली मुलगी लॅब्रेडॉरचं तीन महिन्यांचं पिल्लू घेऊन आले, दुसरा डोस होता. ताप बघितला, लस दिली, पैसे घेतले, ते गेले. दहा मिनिटांत ती मुलगी रडत पळत आली, पाठोपाठ बापाच्या हातात पिल्लू, तोंड सुजलेलं, वांती झालेली, पाय गळून गेलेले आणि हिरड्या पांढऱ्याफटक. सरांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नाही. तिसऱ्यांदा उचलला. त्यांनी फोनवर सांगितलं काय भरायचं, किती भरायचं, कुठे द्यायचं, मी दिलं, मग शीर शोधून सलाईन लावलं, आणि वीसेक मिनिटांनी पिल्लाने मान वर केली. सर पाऊण तासाने आले.

त्या माणसाने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला डॉक्टर, तुम्ही होतात म्हणून वाचलं हो. मी डॉक्टर नाही हे मी त्याला सांगितलं नाही. गप्प उभी राहिले.

पिल्लू वाचलं म्हणून कोणी काही विचारलंच नाही. पण मला अजून रात्री ते आठवतं की तिसरा फोन पण उचलला नसता तर? औषध कुठल्या खणात आहे ते मला माहीत होतं, तीन महिन्यांच्या पिल्लाला किती द्यायचं ते माहीत नव्हतं. आणि कार्डावर ज्यांची सही होती त्यांनी ते पिल्लू बघितलंच नव्हतं.

तर विचारायचंय ते असं, आमच्यासारख्यांसाठी आपल्याकडे काही सर्टिफिकेट, काही नियम, काही मर्यादा लिहिलेली आहे का? कुठल्या कामाला मी नाही म्हणायला पाहिजे? कोणाला माहीत असेल तर सांगा.

सुदामानगरकर

ताई तुम्ही एक जीव वाचवलात आणि स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय, असं कशाला? आमच्या कुत्र्याला, ब्रूनोला, नऊ वर्षं ज्या दादाने इंजेक्शनं दिली त्याचं शिक्षण दहावी आहे, नवीन पास होऊन आलेल्या डॉक्टरपेक्षा त्याचा हात हलका. मला तर वाटतं अनुभव हाच कागद. डॉक्टर बिझी असतात, सगळं त्यांनीच करायचं म्हटलं तर फी परवडणार नाही कोणाला.

मनीची_आई

सुदामानगरकर, तुमच्याशी भांडायचं नाहीये पण मला बोलावंच लागेल.

आमची मांजर, मनी, चार वर्षांची होती. अंग गरम लागत होतं, जेवत नव्हती, संध्याकाळी दवाखान्यात नेली तर डॉक्टर नव्हते. काउंटरवरच्या मुलाने कानाला हात लावून बघितलं आणि म्हणाला ताप आहे, घरी पॅरासिटामॉल असेल तर अर्धी गोळी द्या, सकाळी आणा. मी दिली. माझ्या हाताने दिली. रात्री अकरापर्यंत तिला श्वास लागला, हिरड्या मातकट तपकिरी झाल्या, तोंड आणि पंजे सुजले. सकाळी दवाखाना उघडायच्या आत ती गेली.

तो मुलगा वाईट नव्हता हो. मनीला त्याने कितीदा तरी मायेने धरलं होतं, नखं कापताना तिच्याशी बोलायचा. त्याला जे माणसांचं माहीत होतं ते त्याने सांगितलं. आणि मी का ऐकलं, तर त्याच्या अंगावर हिरवा एप्रन होता आणि गळ्यात स्टेथोस्कोप. त्या एप्रनवर जर लिहिलेलं असतं की हा कोण आहे, तर मी त्याला विचारलंच नसतं, दुसऱ्या डॉक्टरकडे रिक्षा केली असती.

महूवाले काका

दोघींचं वाचलं. मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजचा, नोकरी सगळी माळवा-निमाडात झाली, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. जरा सविस्तर लिहितो.

आधी मनीबद्दल, कारण हे प्रत्येक मांजरवाल्याच्या घरात माहीत पाहिजे. पॅरासिटामॉलचा निचरा करायला जी रसायनं लिव्हरमधे लागतात त्यातलं एक महत्त्वाचं मांजरात फारच तोकडं असतं. मग औषधाचा विषारी भाग रक्तावर जातो, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद जाते, म्हणून हिरड्या तपकिरी. मांजराला सुरक्षित असा त्याचा डोसच नाही, अर्धी काय नि पाव काय. ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही दवाखान्यात गेला होतात आणि दवाखान्यात जे सांगितलं ते केलंत.

आता कायदा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा. त्याच्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर उपचाराची प्रॅक्टिस रजिस्टरवर नाव असलेल्या पशुवैद्यानेच करायची. रजिस्टरवर यायला बीव्हीएस्सी अँड एएच ही पशुवैद्यकाची पदवी लागते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. त्याच कलमात एक सवलत आहे. पशुसंवर्धन खात्याचा किंवा पशुवैद्यकीय संस्थेचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट ज्याच्याकडे आहे, जसे व्हेटरनरी सुपरवायझर, स्टॉकमन, स्टॉक असिस्टंट, त्याला राज्य सरकार आदेश काढून मायनर म्हणजे किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, आणि तीही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि सांगण्याप्रमाणे. किरकोळ म्हणजे काय तेही लिहिलंय, लसीकरण, खच्चीकरण, जखमेचं ड्रेसिंग असा प्राथमिक उपचार, आणि राज्याने गॅझेटमधे आणखी जे नेमून दिलं असेल ते.

म्हणजे पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. लस देणं किरकोळ सेवेत येतं, पण ती ज्यांना मोकळी केली त्यात झूलॉजीची बीएस्सी येत नाही. १९८४ साली कायदा करताना डोळ्यासमोर गाय, म्हैस, बैल होते, सरकारी दवाखाना होता. शहरातल्या पेट क्लिनिकमधे भुलीवर लक्ष ठेवणारी, रक्ताची मशीन चालवणारी मुलगी त्यांच्या डोळ्यासमोर नव्हतीच. माणसांच्या नर्सेसना १९४७ पासून नर्सिंग कौन्सिलचा कायदा आहे, लॅब आणि एक्सरेच्या टेक्निशियनसाठी २०२१ मधे वेगळा कायदा झाला, पण तोही माणसांच्या दवाखान्यापुरता. डॉक्टरांनी कसं वागावं याचे पशुवैद्यक परिषदेचे नियम १९९२ पासून आहेत, तुमच्यासाठी तसं काहीच नाही.

आणि एक स्पष्ट सांगतो. आधीच सही मारून ठेवलेली कार्डं हा तुझा गुन्हा नाही, त्या डॉक्टरचा आहे. लस टोचणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग. आजारी पिल्लू ओळखून त्याला आज लस नको म्हणणं, मागच्या वेळी काही झालं होतं का विचारणं, लस दिल्यावर निदान अर्धा तास बाहेर बसवून ठेवणं, आणि रिअॅक्शन आलीच तर तिथे असणं, याची ती सही असते.

धारकर_भाऊ

काका नमस्कार. मी तुमच्या त्या सवलतीतलाच माणूस. डिप्लोमा केला दोन वर्षांचा, आता धार जिल्ह्यात फील्डवर आहे, हुद्दा सहायक पशु चिकित्सा क्षेत्र अधिकारी, पण गावात तेवढं लांब कोण बोलतं, तिथेही डॉक्टर साबच.

नर्मदेकाठची ताई, तुमच्याकडे डॉक्टर पाऊण तासाने आले म्हणून तुम्हाला झोप नाही, आमच्याकडे पाऊण तासात आले तर आम्ही नारळ फोडू. रात्री दोन वाजता फोन येतो, म्हैस अडलीये, वासरू आडवं आहे. डॉक्टर दुसऱ्या तहसीलला. १९६२ नंबरवर फोन करून बोलवायची सरकारी फिरत्या दवाखान्याची गाडी आल्यापासून फरक पडलाय हे खरं, तिच्यात डॉक्टर, पॅरावेट म्हणजे डॉक्टरचा मदतनीस आणि ड्रायव्हर असतात आणि गाडी दारात येते, पण गाडी एक आणि गावं किती. शेतकऱ्याच्या घरात तीच एक म्हैस, तिच्यावर दूध, दुधावर पोरांची फी. त्या वेळी मी कलम ३० वाचून दाखवू का? मी हात घालतो. बऱ्याचदा जमतं, काही वेळा नाही जमलं. जे नाही जमलं ते मीही विसरलेलो नाही.

पण दोन गोष्टी मी कधीच केल्या नाहीत आणि करणार नाही. एक म्हणजे माणसांचं वेदनाशामक डायक्लोफिनॅक. गुरांसाठी त्यावर २००६ मधे बंदी आली, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांच्या किडन्या जातात, आमच्या भागातली गिधाडं अशीच संपत गेली. शेतकरी अजून मागतो, मेडिकलवरून घेऊन येतो, म्हणतो हेच लावा याने लवकर उठते. मी मेलॉक्सिकॅम देतो डॉक्टरांना विचारून, शिव्या खातो. दुसरं, जे केलं ते रजिस्टरमधे लिहायचंच, चूक झाली तरी.

आणि ताई, एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही स्वतः रेबीजची लस घेतलीये का? पाच वर्षं कुत्री-मांजरी धरताय म्हणून विचारलं. मी ब्रुसेलाची, म्हणजे गुरांच्या गर्भपाताच्या रोगाची, लस देताना एकदा सुई बोटात घुसवून घेतली होती. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात आणि ती जिवंत जंतूंची असते. महिनाभर अँटिबायोटिक खाल्लं, आणि तेही एका भल्या डॉक्टरने वेळीच सांगितलं म्हणून. आमच्या ट्रेनिंगमधे जनावराला सुई कशी लावायची ते महिनाभर शिकवलं, स्वतःला कसं वाचवायचं ते अर्ध्या दिवसात उरकलं होतं.

नर्मदेकाठची

भाऊ, नाही घेतलेली. चावे सहा-सात झाले असतील, तेव्हा तेव्हा नंतरची इंजेक्शनं घेतली, आधीची कधीच नाही. कोणी विचारलंच नव्हतं आजपर्यंत, तुम्ही पहिले.

महूवाले काका

उद्याच्या उद्या घे. आधीची म्हणजे ० दिवस, ७ वा दिवस आणि २१ किंवा २८ वा दिवस. मग चावा झाला तरी जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दोन डोस घ्यायचे, सीरम म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लागत नाही. हा खर्च दवाखान्याचा आहे, तुझा नाही. मालकाने नाही म्हटलं तर तिथे काम करायचं की नाही याचा विचार कर.

सुदामानगरकर

मनीची आई, तुमचं वाचून काल रात्री मला काही सुचलं नाही. मी जे लिहिलं ते घाईत लिहिलं. आमचा दादा चांगला आहे पण तोही कधीकधी औषध सांगतो फोनवर, आणि आम्ही देतो, हे खरं आहे.

काका एक शंका. देखरेखीखाली म्हणजे नक्की काय? डॉक्टर त्याच खोलीत पाहिजेत, की त्याच इमारतीत, की फोनवर असले तरी चालतं?

लीड्सची इंदुरी

या प्रश्नावर मला लिहायलाच हवं कारण इथे आमचं सगळं ट्रेनिंग याच्याभोवती फिरतं. मी रामबागेतली, सध्या इंग्लंडमधे लीड्सला रजिस्टर्ड व्हेटरनरी नर्स आहे. इथे १९६६ चा व्हेटरनरी सर्जन्स अॅक्ट आहे, त्याच्या शेड्यूल ३ मधे नर्स काय करू शकते ते येतं: डॉक्टरच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि छोटी सर्जरी, पोट किंवा छाती उघडावी लागत नाही अशी. निदान नाही, औषध ठरवणं नाही.

आणि इथे दोन शब्द वेगळे आहेत. एक डायरेक्शन, म्हणजे डॉक्टरने सांगितलंय काय करायचं पण तो समोर असायलाच पाहिजे असं नाही. दुसरा सुपरव्हिजन, म्हणजे तो त्याच जागेत आहे आणि हाक मारली तर येऊ शकतो. मी रजिस्टर्ड झाल्यावर बऱ्याच कामांना डायरेक्शन पुरतं, पण शिकत होते तेव्हा सुपरव्हिजन लागायचंच. म्हणजे जितकं तुमचं शिक्षण तपासलं गेलंय तितकी दोरी सैल. आपल्याकडे दोरीच मोजलेली नाही, म्हणून कोणी पोरीला एकटीवर सोडतं आणि कोणी दहा वर्षांनीही नुसतं धरायलाच लावतं.

नोंदणी टिकवायला दर वर्षी १५ तास नवीन शिकल्याचं दाखवावं लागतं. तक्रार झाली तर चौकशी माझ्या नावाने होते, डॉक्टरच्या मागे लपता येत नाही. पहिल्यांदा मला याची भीती वाटायची, आता बरं वाटतं, कारण उलटं पण खरंय, डॉक्टरने काही नको ते करायला सांगितलं तर मी म्हणू शकते की माझं रजिस्ट्रेशन जाईल, मी करणार नाही. तुझ्याकडे अगं तेच नाहीये, नाही म्हणायला पाठीमागे काही नाही. तरी इथेही सगळं छान आहे असं समजू नकोस, व्हेटरनरी नर्स ही पदवी अजून कायद्याने राखीव नाही, नोंदणी नसलेला कोणीही स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकतो, त्यावरून आमची लोकं किती वर्षं आरडाओरडा करतायत.

एक माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी मी दोन कुत्र्यांच्या गोळ्यांची लेबलं अदलाबदल केली. रात्री आठला घरी जेवताना आठवलं, अंगावर काटा आला. आधी डॉक्टरला फोन केला, मग दोन्ही घरी. एकाने अजून दिली नव्हती, दुसऱ्याने एक दिली होती, सुदैवाने काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ते वाचलं गेलं, माझं नाव न घेता, आणि लेबल दोघांनी तपासायचं असं ठरलं. मला कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर पुढच्या वेळी मी फोन केला असता का माहीत नाही.

बर्फातला_माळवी

माझी बायको ओंटारिओत हेच काम करते, तिच्या वतीने थोडक्यात. इथे टेक्निशियन आणि असिस्टंट असे दोन वेगळे लोक असतात. टेक्निशियनला कॉलेज करून व्हीटीएनई नावाची परीक्षा द्यावी लागते, १७० प्रश्न, त्यातले १५० मोजले जातात, तीन तास. तीच परीक्षा अमेरिकेतही चालते, फक्त पदवीचं नाव राज्याप्रमाणे बदलतं, कुठे रजिस्टर्ड, कुठे सर्टिफाइड, कुठे लायसन्स्ड. आणि कितीही शिकलेला टेक्निशियन असला तरी चार गोष्टी डॉक्टरच्याच: रोग काय ते सांगणं, पुढे काय होईल ते सांगणं, औषध लिहिणं आणि ऑपरेशन. बायको म्हणते दुसरी सगळ्यात अवघड, कारण मालक रडत रडत विचारतो वाचेल ना हो, आणि तोंडातून हो निघून जातं.

मनीची_आई

हे दुसरं फार खरं आहे.

बडोदेकर

मी वडोदऱ्याचा, मधेच येतोय. सर्टिफिकेटचं निघालंय म्हणून सावध करतो. माझ्या भाच्याने अठरा हजार भरून तीन महिन्यांचा ऑनलाइन व्हेट टेक्निशियन कोर्स केला. सोनेरी शिक्का, होलोग्राम, आंतरराष्ट्रीय असं मोठ्या अक्षरात, फ्रेम करून हॉलमधे लावलंय माझ्या बहिणीने. पोराने तीन महिन्यांत एकाही जनावराला हात लावलेला नाही. दवाखान्यात गेला तर डॉक्टर म्हणाले हे घरी ठेव, उद्या सकाळी सातला ये, पिंजरे धुवायला सुरुवात कर. चांगले होते ते डॉक्टर, शिकवतायत त्याला आता. पण अठरा हजार गेले ना.

महूवाले काका

बडोदेकर, बरं झालं लिहिलंत. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारायचं, हा कागद कुठल्या कायद्याखाली चालतो आणि मला त्यावर कुठलं काम करायची परवानगी मिळेल. उत्तरात गोल गोल बोलले की उठून यायचं. आमच्याकडे जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचा पशुपालनाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, तो धारकरांनी केला तसला, तो खरा. पण त्यात गाई-म्हशी जास्त, कुत्र्याची भूल कमी. पेट क्लिनिकसाठी त्याच्यावर सहा महिन्यांची पुरवणी जोडली आणि राज्याने रजिस्टर ठेवलं तर अर्धं काम होईल असं मला कायम वाटत आलंय. सांगितलंही होतं एकदोन मीटिंगमधे, तेव्हा पेट क्लिनिक म्हणजे श्रीमंतांचे चोचले असा सूर होता.

पोरी, सरकार करेल तेव्हा करेल. तू तुझ्या आत्ताच्या डॉक्टरांशी बस. काय सांगितल्यावर करायचं, काय ते समोर असतील तरच करायचं, काय कधीच नाही, हे कागदावर आण आणि त्यांची सही घे. केटामाइन या भुलीच्या औषधाचं रजिस्टर कोण लिहितं तेही विचार. ते औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं आहे, कुलपात पाहिजे, एकेक मिलिलिटरचा हिशोब पाहिजे, आणि जी भरते तिनेच एकटीने हिशोब लिहायचा नसतो. वापरलेल्या सुईला परत टोपण लावतेस का? लावत असशील तर आजपासून बंद, सरळ पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात. आणि रिअॅक्शनच्या औषधाचा वजनाप्रमाणे तक्ता डॉक्टरांच्या हातचा लिहून घे. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कोणीतरी घरी करून बघेल.

धारकर_भाऊ

काकांचं एकदम बरोबर पण माझा एक मुद्दा राहू द्या. नियम इंदूरच्या एसी क्लिनिकला समोर ठेवून बनवाल तर तो माझ्या गावात पहिल्याच दिवशी मोडेल, आणि मोडलेला नियम असला की मग कोणीच कुठलाच पाळत नाही. अडलेल्या म्हशीच्या रात्रीसाठी पण काहीतरी लिहा. मी काय करू शकतो, कुठपर्यंत, कोणाला फोन करून, आणि नंतर काय नोंद करायची. मला मोकळीक नको आहे, मला लिहिलेलं पाहिजे.

लीड्सची इंदुरी

भाऊ, इमर्जन्सीत जीव वाचवायला आणि वेदना थांबवायला प्रथमोपचार कोणीही करू शकतो असं इथल्या शेड्यूल ३ मधे पण आहे. तुमच्या म्हशीची रात्र त्यांनीही विचारात घेतलीये, म्हणजे मागणी काही जगावेगळी नाही.

नर्मदेकाठची

दहा दिवसांनी लिहितेय. मधे वाचत होते रोज.

सरांशी बोलले. सोपं गेलं नाही. आधी त्यांना वाटलं मी पगार वाढवायला किंवा सोडून जायला निमित्त शोधतेय. मग मी त्यांना एप्रिलमधलं ते पिल्लू सांगितलं, तिथून निघाल्यापासून कोणालाच सांगितलं नव्हतं. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत, मग उठून स्वतः इमर्जन्सीचा डबा घेऊन आले. त्यात एक औषध चार महिन्यांपूर्वी एक्स्पायर झालेलं निघालं. त्यांना फार लागलं ते.

आता डब्याच्या झाकणाला आतून तक्ता चिकटवलाय, एक किलोपासून पन्नास किलोपर्यंत, त्यांच्या अक्षरात, खाली सही, तारीख आणि रजिस्ट्रेशन नंबर. दर महिन्याच्या एक तारखेला डबा दोघांनी तपासायचा. कॅन्युला, रक्त, सलाईन, ड्रेसिंग, टाके काढणं हे त्यांनी केसपेपरवर लिहिल्यावर मी करायचं. भूल देताना ते खोलीत असलेच पाहिजेत, मी श्वास बघेन पण गॅस कमीजास्त त्यांच्या सांगण्यावरच. केटामाइनच्या रजिस्टरवर दोन सह्या. फोनवर औषध मी सांगायचं नाही, कितीही ओळखीचे असले तरी. वाचेल का या प्रश्नावर सर सांगतील असं म्हणायचं, हे मी स्वतः घालून घेतलं बर्फातल्या माळवींचं वाचून.

लसीवर मात्र आमचं पूर्ण जमलं नाही. मी म्हटलं मी देणारच नाही, माझ्याकडे डिप्लोमा नाही. ते म्हणाले मी शेजारच्या खोलीत असताना तू दिलीस तर काय बिघडतं. शेवटी असं ठरलं की जनावर ते स्वतः तपासतील, बाटली ते उघडतील, सही त्याच वेळी होईल, आणि माझं डिप्लोमाचं काही होईपर्यंत टोचणार पण तेच. सर नसताना कोणी आलं तर त्यांनी बसून वाट बघायची. पहिल्या आठवड्यात तीन जण चिडून परत गेले, त्यातले दोघं जुने. सरांनी तोंड वाकडं केलं पण शब्द फिरवला नाही. काका, डिप्लोमाच्या प्रवेशाचं मी विचारून आले महूला जाऊन, बारावीचे मार्क बघतात, वय बघतात, माझं कसं होतंय ते कळेल. रेबीजचे दोन डोस झाले, पैसे सरांनी दिले.

आणि एप्रनवर पट्टी शिवून घेतलीये, मनीच्या आईसाठी. माझं नाव आणि खाली सहाय्यक, डॉक्टर नव्हे.

सोमवारी लोकमान्य नगरचे एक आजोबा आले, त्यांची पॉमेरेनियन बारा वर्षांची, दोन दिवस जेवत नव्हती. त्यांनी चष्मा वर करून पट्टी मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "इतके दिवस मी तुला डॉक्टर समजत होतो." मी म्हटलं नाही आजोबा, सर पावणेसहाला येतील. घड्याळात पाच वाजून दहा झाले होते. ते बाकावर बसले, पिशवीतून तिचं फडकं काढून मांडीवर अंथरलं. पाच मिनिटांनी हाक मारली, "अगं, तोवर तिचा ताप तरी बघशील? तेवढं येतं ना तुला?"

येतं म्हटलं. १०३.४ निघाला, वेळ घालून कागदावर लिहिला, सरांना मेसेज केला आणि तिला पंख्याखाली घेऊन दोघं बसलो.